लष्करातला वाडा आणि सोलणारा दगड : एका वालुकाश्माचा प्रकरण अभ्यास

ग्वाल्हेरात लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका मराठी कुटुंबाचा दुमजली वाडा आहे. जोते आणि खालचा मजला दगडाचा, वरचा विटांचा, छताला लांब पटिया (दगडाच्या सपाट फळ्या), दर्शनी दाराला कोरीव दगडी चौकट. बांधकामाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. सुमारे दहा वर्षांपूर्वी गल्लीकडच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून तिथे नव्या दगडाच्या पातळ पटिया सिमेंटात बसवल्या गेल्या. बराचसा भाग बाजारात ‘मिंट’ म्हणून मिळणाऱ्या पांढरट-हिरवट वालुकाश्माचा, आणि शोभा म्हणून खालच्या अंगाला लाल दगडाचा पट्टा.

तीन-चार पावसाळ्यांतच लाल पट्टा सोलायला लागला. आधी कोपरे सुटले, मग नखाएवढे पापुद्रे पडू लागले, मग तळहाताएवढे पत्रे. मिंट मात्र जागच्या जागी. त्याच सुमारास चौकटीचा उजवा खांब फुगल्यासारखा दिसू लागला आणि एका हिवाळ्यात त्याचा दोन बोटे जाडीचा थर वेलबुट्टीसकट खाली आला. डाव्या खांबाला ओरखडासुद्धा नव्हता.

घरात मते तीन. थोरल्या काकांचे म्हणणे, लाल दगड हलका दिला, फसवणूक झाली. ठेकेदाराचे म्हणणे, दगड ठीक आहे, सीलन (ओल) आहे, वरून केमिकल मारले की पाणी आत जाणार नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे म्हणणे, सगळे काढा आणि ग्रॅनाइट लावा. वाड्यातल्या सर्वांत ज्येष्ठ माई एवढेच म्हणत होत्या की चौकट जागेवरून हलवायची नाही. मी भूशास्त्र शिकवतो आणि या घराशी जुना घरोबा आहे, म्हणून मला बोलावले गेले.

प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण गाळाच्या खडकाबद्दल पाठ्यपुस्तकात जे तक्त्यात मांडलेले असते ते सगळे इथे एका भिंतीवर, पैशांच्या प्रश्नासकट, समोर उभे होते. आणि तिन्ही मतांत खऱ्याचा थोडा थोडा अंश होता, म्हणून कुठलेच एक मत उचलून चालणार नव्हते.

दोन खांब

तपासाला सुरुवात लाल पट्ट्यापासून केली नाही, चौकटीपासून केली. कारण दोन खांब ही निसर्गाने आणि गवंड्याने मिळून करून ठेवलेली तुलनाच होती. दोन्ही एकाच जातीच्या फिकट पिवळसर वालुकाश्माचे, दोन्ही अखंड, दोन्ही एकाच वेळी उभे केलेले. भिंगाखाली दोन्हींत सारखेच कण दिसले : पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराचे, बऱ्यापैकी गोलसर, जवळजवळ सगळे क्वार्ट्झ. चाकूचे टोक फिरवले तर दगडावर ओरखडा उठत नव्हता, उलट चाकूचेच पोलाद घासून करडी रेघ उमटत होती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर फसफस नाही, म्हणजे कण जोडणारा पदार्थ चुनखडी नव्हे. ओलही सारखी : दोन्ही खांबांवर लोण्याची (ओलीबरोबर येऊन वाळलेल्या क्षारांची) पांढरी रेघ साधारण एकाच उंचीवर, कमरेच्या थोडी वर.

मग फरक कशात? दगडाचे थर कोणत्या दिशेला आहेत यात.

ही दिशा ओळखणे वाटते तितके सोपे नाही. डाव्या खांबावर तपकिरी नागमोडी पट्टे आहेत आणि घरातले सगळे त्यांनाच थर समजत होते. ते थर नव्हेत. खडक तयार झाल्यावर, केव्हातरी नंतर, लोहयुक्त पाणी त्याच्या छिद्रांतून झिरपले आणि जिथे जिथे लोह साचले तिथे असे पट्टे उमटले. थरांना ते खुशाल आडवे छेदून जातात. बाजारात ‘टीकवुड’ म्हणून जो दगड विकला जातो त्याची नक्षी याच प्रकारची. खरा थर दाखवतो तो अभ्रक. अभ्रकाचे पापुद्रे चपटे असतात आणि पाण्यातून खाली बसताना ते आडवे पडतात. संध्याकाळी गल्लीतला उजेड कमी झाल्यावर बॅटरी तिरपी धरून पाहिले. उजव्या खांबाचा थर जिथून सुटला होता ती सारी जागा एकदम चमकली, म्हणजे आपण थराच्या सपाट अंगाकडेच पाहत होतो. डाव्या खांबाच्या दर्शनी बाजूवर चमक फक्त बारीक उभ्या रेघांत होती, म्हणजे तिथे थरांच्या कडा बाहेर होत्या. त्याचे सपाट अंग दाराच्या आतल्या बाजूला गेले होते, जिथे लाकडी चौकट त्याला चिकटून बसली आहे.

पडलेला पत्रा माईंनी जपून ठेवला होता, आणि या तपासातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच ठरला. त्याची पुढची बाजू टणक, कोरीवकामाच्या कडा अजून तीक्ष्ण. मागच्या बाजूवर मात्र कागदापेक्षा फार जाड नाही असा हिरवट-करडा लेप होता. ओले बोट फिरवले की तो किंचित बुळबुळीत लागे : चिकणमाती आणि तिच्यात अभ्रकाचे कण. दोन बोटे जाडीच्या उत्तम वालुकाश्माला भिंतीपासून वेगळे केले होते ते या एका लेपाने.

आमच्या मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने उजवा खांब ठोकून आणखी एक जागा दाखवली, तिथून भदाड, पोकळ आवाज येत होता. त्यांचे म्हणणे सरळ होते : “पत्थर खदान में जैसा लेटा था, दीवार में भी वैसा ही लिटाओ.” दगडी बांधकामाचा हा जुना नियम आहे आणि भारतीय मानकांतही तो आहे, की चिरा असा बसवावा की त्यावरचा भार थरांना काटकोनात यावा. पत्रावळींची चवड आडवी ठेवली तर वरचे वजन तिला दाबून धरते; तीच उभी करून भिंतीला टेकवली तर बाहेरची पत्रावळ आधी निसटते. खांबाच्या बाबतीत अडचण अशी की पुरुषभर लांबीचा अखंड दगड खाणीतून थराच्या लांबीतच मिळतो, जाडीत नाही. त्यामुळे तो उभा करावाच लागतो. मग निदान थरांच्या कडा पावसाकडे आणि सपाट अंग आडोशाला, एवढे तरी पाळावे लागते. डाव्या खांबात ते पाळले गेले होते.

तो लेप आला कुठून

इथे दगडाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते, आणि ग्वाल्हेरकरांना त्यासाठी लांब जायला नको. किल्ल्याची टेकडीच वालुकाश्माची आहे. सुमारे तीन किलोमीटर लांब, गावापासून शंभरेक मीटर उंच, माथा सपाट आणि कडे ताठ. उरवाईच्या बाजूने चढताना कड्यावर आडव्या रेघा दिसतात, त्याच थरांच्या रेघा. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, जैन मूर्ती कोरल्या गेल्या त्या याच कड्यात. तिथे दगड हललेलाच नाही, थर जसे पडले तसे आडवे आहेत, म्हणून मूर्तींची झीज झाली तरी ती आडव्या रेघांनी होते, चेहऱ्याचा अख्खा पत्रा निसटून पडत नाही.

हा वालुकाश्म विंध्य महासंघ नावाच्या थरांच्या मोठ्या समूहातल्या कैमूर गटाचा. पन्न्याजवळ मझगवां इथे हिरे असलेला जो अग्निज खडक कैमूरच्या थरांत खालून घुसला आहे, त्याचे वय सुमारे 107 कोटी वर्षे निघते. घुसणारा खडक ज्यात घुसला त्याच्यापेक्षा तरुणच असणार, तेव्हा आपला वालुकाश्म त्याहून जुना. किल्ल्याच्या वालुकाश्माखाली आणखी जुना ग्वाल्हेर गट आहे : पार आणि मोरार अशी त्याच्या दोन भागांची नावे. मोरारच्या भागात शेल, चुनखडक, लोहयुक्त जॅस्परचे पट्टे, आणि मधूनमधून घुसलेला काळा अग्निज खडक. त्याहीखाली बुंदेलखंडचा ग्रॅनाइट, सुमारे 250 कोटी वर्षांचा. ग्वाल्हेर गट आणि कैमूर यांच्यामध्ये प्रचंड काळ असा गेला की त्याचा गाळ इथे उरलाच नाही. जुने थर उघडे पडून झिजले आणि त्या झिजलेल्या पृष्ठावर नवी वाळू येऊन पसरली.

वाळू येते कुठून? मुख्यतः ग्रॅनाइटसारखे खडक फुटून. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक असते. ऊन-पावसात फेल्डस्पारचे रासायनिक विघटन होऊन त्याची चिकणमाती बनते. क्वार्ट्झला पाणी फारसे काही करू शकत नाही, तो कण म्हणून सुटतो. त्या काळी जमिनीवर झाडझाडोरा नव्हता, नद्यांचे काठ धरून ठेवायला मुळे नव्हती, त्यामुळे वाळू वाऱ्या-पाण्याने वारंवार उचलली, घासली, चाळली जाई. लाटांनी आणि प्रवाहांनी असे चाळता चाळता दुबळी खनिजे संपतात आणि क्वार्ट्झ तेवढा मागे राहतो. खांबांच्या दगडात क्वार्ट्झशिवाय जवळजवळ काही नाही याचे कारण हे.

मग स्वच्छ चाळलेल्या वाळूत मातीचा लेप कसा? घरातल्या दोन मुलांना हे दाखवायचे होते म्हणून माईंकडून लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागून घेतली, तिच्यात अंगणातली माती आणि पाणी घालून खळखळून हलवली. वाळू दोन-चार सेकंदांत तळाला. वरचे पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ होते. एक मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला साधारण दहा सेंटिमीटर खाली जातो. एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) मातीचा कण तासाला जेमतेम काही मिलिमीटर. वाहत्या पाण्यात त्याला बसायला सवडच मिळत नाही. पण पाणी थबकले, भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ आली, पूर ओसरला, की तेवढ्यात थोडी माती आणि चपटे अभ्रक वाळूवर बसतात. पुन्हा प्रवाह वाढला की वर नवी वाळू. वालुकाश्मातला प्रत्येक असा लेप म्हणजे पाणी थांबल्याची नोंद.

पुढचा टप्पा खडक होण्याचा. वर गाळ चढत जातो, भाराने कण एकमेकांना भिडतात, मधले पाणी पिळून निघते. उरलेल्या पोकळ्यांतून फिरणारे भूजल सोबत आणलेली खनिजे कणांभोवती सोडते : सिलिका, कॅल्साइट किंवा लोहाचे ऑक्साइड. आपल्या खांबांत ही जोडणी सिलिकेची आहे. सिलिका क्वार्ट्झच्या कणावर त्याच कणाची वाढ असल्यासारखी चढते आणि शेजारच्या कणाशी घट्ट बसते. मात्र त्यासाठी कणाचा पृष्ठभाग उघडा हवा. त्यावर मातीचा थर बसलेला असेल तर सिलिकेला धरायला जागा मिळत नाही. म्हणून ज्या ठिकाणी पाणी थांबले होते त्या ठिकाणी जोडणी कच्ची राहिली, आणि शंभर कोटींहून अधिक वर्षांनी लष्करातल्या एका दारात दगड नेमका तिथून सुटला.

जोडणी ओळखायची एक साधी रीत आहे. ताज्या तुटलेल्या भागावर भिंग धरा. कण मधोमध फुटले असतील आणि तुकडा काचेसारखा लकाकत असेल तर जोडणी कणांइतकीच मजबूत. कण अख्खेच्या अख्खे निखळून आले असतील, पृष्ठ साखरेसारखे खरबरीत असेल, तर जोडणी कणांपेक्षा कमजोर. मिंटच्या तुकड्यात कण फुटलेले होते. लाल तुकड्यात निखळलेले.

नाव काय द्यायचे

दगडाच्या दुकानात मिंट, सफेद, लाल, टीकवुड अशी नावे चालतात. ती रंगाची नावे आहेत आणि खरेदीपुरती ठीक आहेत, पण त्यांवरून दगड भिंतीत कसा वागेल ते कळत नाही. भूशास्त्रातली वर्गवारी वेगळे प्रश्न विचारते, आणि या प्रकरणात ते एकेक प्रश्न कामी आले.

पहिला प्रश्न : हा गाळ तुकड्यांचा आहे, की पाण्यात विरघळलेला पदार्थ बाहेर पडून झालेला, की सजीवांच्या अवशेषांचा? चुनखडक, जिप्सम, सैंधव मीठ हे विरघळलेल्या पदार्थांतून आलेले, पैकी चुनखडकात बहुधा सजीवांचा हात असतो. विंध्यातल्याच चित्रकूटच्या बाजूच्या चुनखडकांत सूक्ष्मजीवांच्या चटयांनी रचलेले घुमटाकार थर दिसतात. दगडी कोळसा हा वनस्पतींचा. आम्लाच्या थेंबाने आणि चाकूने आपले उत्तर लगेच मिळाले होते : तुकड्यांचा खडक.

दुसरा प्रश्न कणांच्या आकाराचा. 1922 साली भूशास्त्रज्ञ वेंटवर्थने मांडलेली मोजपट्टी आजही वापरतात. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण म्हणजे गोटे-खडी. त्यांचा खडक, कण गोल असतील तर पिंडाश्म आणि टोकदार असतील तर कोणाश्म. दोन मिलिमीटरपासून एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंत वाळू, तिचा वालुकाश्म. त्याहून बारीक गाळ आणि चिकणमाती. त्यांचा खडक पातळ पापुद्र्यांत फुटत असेल तर शेल. इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. भिंतीतला दगड एका वर्गाचा असला तरी त्याच्या आत दुसऱ्या वर्गाचे पातळ थर असू शकतात. आपला लाल दगड वालुकाश्म खरा, पण त्यात दर काही मिलिमीटरवर शेलसारखी रेघ होती. सगळे कण एकत्र मोजून सरासरी काढली तर तो निव्वळ वालुकाश्म ठरेल, आणि नेमकी सोलण्याची गोष्ट त्या सरासरीत हरवेल.

तिसरा प्रश्न, कण कशाचे आणि मध्ये काय भरले आहे. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झ असेल तर क्वार्ट्झ अरेनाइट, पाव भागाहून अधिक फेल्डस्पार असेल तर अर्कोज, आणि कणांमध्ये बारीक मातीची भर पंधरा टक्क्यांच्या वर गेली तर वॅक. लाल दगडाच्या तुकड्याचा पातळ काप करून घेतला. असा काप 0.03 मिलिमीटर जाडीचा असतो, उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक क्वार्ट्झ, थोडा फेल्डस्पार, कणांभोवती हेमाटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) लाल लेप, आणि अभ्रकाच्या एका दिशेने ओढलेल्या रेघा दिसल्या. खांबांचा दगड आणि मिंट क्वार्ट्झ अरेनाइटच्या वर्गात बसतात. लाल दगडाचे वर्णन मी असे लिहून दिले : सूक्ष्मकणी, अभ्रकयुक्त, पातळ थरांचा, लोह आणि मातीने जोडलेला वालुकाश्म.

काकांना यावरून आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण लाल रंगाचा यात दोष नाही आणि दगडात नकली काही नव्हते. फत्तेपूर सिक्री 1571 पासून लाल विंध्य वालुकाश्मातच उभी आहे. रंग देणारे हेमाटाइट प्रमाणाने अगदी थोडे असते. जाड थराचा, मातीच्या रेघा नसलेला लाल दगड उत्तम टिकतो. आणि ज्या खाणीतून सहज पातळ पटिया निघतात तिथे त्या सहज निघतात त्याच मुळी मातीच्या रेघांमुळे. हाच दगड अंगणात फर्शी म्हणून आडवा घातला असता, चुन्यावर, तर त्याने तक्रार केली नसती.

पाणी आणि लोणा

आता ठेकेदाराचा मुद्दा. ओल होती, यात शंका नाही. गल्लीची नाली भिंतीला लागून आहे आणि तिचे तळ फुटलेले होते. आतल्या बाजूने छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला होता. पूर्वी जोत्यातून चढलेले पाणी चुन्यातून दोन्हीकडे वाळून जाई. आता आतली वाट बंद, म्हणून सगळे पाणी गल्लीकडच्या दगडातून बाहेर पडू लागले.

पाणी वाळते, पण त्यातले क्षार वाळत नाहीत. भिंतीवरची पांढरी भुकटी पाण्यात विरघळली, आम्लात फसफसली नाही, म्हणजे ते विरघळणारे क्षार : नालीतून आलेले आणि सिमेंटातून सुटलेले. सोडियम सल्फेट हा यातला सर्वांत उपद्रवी. कोरडा असताना त्याचे जे घनफळ असते ते ओल मिळून नवा स्फटिक झाला की तिपटीहून अधिक होते. ग्वाल्हेरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पावसाळ्यात हवा दमट, हिवाळ्यात रात्री कडक थंडी; असे स्फटिक बनण्या-विरघळण्याचे चक्र वर्षभर चालू राहते. स्फटिक दगडात जिथे कच्ची जागा मिळेल तिथे जोर करतो, आणि कच्ची जागा म्हणजे तो मातीचा लेप.

तरीही ‘सीलन आहे’ एवढ्याने उत्तर पुरे होत नव्हते. मिंटच्या सांध्यांतही लोणा होता, पण मिंट सोलला नव्हता. डावा खांब उजव्याइतकाच ओला होता. आता थरांची दिशा, ओल-क्षार आणि मातीच्या रेघा या तिन्ही गोष्टी शेजारी मांडून पाहा. मिंटच्या पटिया भिंतीला सपाट अंगाने लावलेल्या, म्हणजे थरांची दिशा वाईट. ओल आणि क्षारही होते. पण मातीच्या रेघा नाहीत, म्हणून टिकल्या. डाव्या खांबात एखाद-दुसरी मातीची रेघ आहे, ओलही आहे. पण थरांच्या कडा बाहेर, म्हणून टिकला. लाल पट्ट्यात आणि उजव्या खांबात तिन्ही एकत्र आल्या. वरच्या मजल्यावरच्या खिडकीखाली त्याच लाल दगडाची एक पटिया होती, तिथे जमिनीची ओल पोचत नाही, आणि ती शाबूत होती. या पटियेने माझी खात्री पटवली.

वजन करून पाणी शोषणाची तुलनाही केली : तुकडे भट्टीत वाळवून, चोवीस तास बुडवून, पुन्हा तोलून. लाल तुकड्याने खांबाच्या दगडापेक्षा स्पष्टपणे जास्त पाणी घेतले. मग सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवणे-वाळवणे सुरू केले. लाल तुकड्याच्या कडा लवकरच उलल्या, मिंटच्या कोपऱ्यांतून थोडे कण गळण्यापलीकडे काही झाले नाही.

काय केले

वरून केमिकल मारायला मी ठाम नकार दिला. केमिकलचा लेप पावसाचे पाणी अडवील, पण जमिनीतून चढणारे पाणी तसेच येत राहील, आणि क्षार आता पृष्ठभागावर न येता लेपाच्या मागे साचतील. मग पापुद्रा न पडता जाड पत्रा पडेल. ग्रॅनाइटच्या प्रस्तावाचीही तीच गत. ग्रॅनाइट सोलणार नाही, पण त्याच्यामागे कोंडलेली ओल वरच्या विटांच्या मजल्याकडे चढेल.

घरच्यांची इच्छा होती की गणपतीच्या आत दर्शनी भाग नीट व्हावा. ते शक्य नव्हते. भर पावसात ओल्या भिंतीवर चुना धरत नाही. पावसाळ्याआधी नालीचे तळ नीट करून घेतले आणि आतला सिमेंटचा गिलावा लोण्याच्या रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंत काढून टाकला, इतकेच. गणपतीत भिंत उघडीच होती. आरतीला आलेल्या प्रत्येकाने विचारले आणि वहिनींनी प्रत्येकाला समजावून सांगितले.

नवरात्रानंतर लाल पट्टा उतरवला. मिंट ठेवला, फक्त त्याच्या सांध्यांतले सिमेंट छिन्नीने काढून चुना भरला. लाल पट्ट्याच्या जागी पटिया लावल्याच नाहीत. तिथे जुन्या बांधकामाच्या जातीचे चिरे, सहा-सात इंच खोलीचे, थर आडवे ठेवून, चुन्यात बसवले. मिस्त्रींनी प्रत्येक चिरा पाण्याने ओला करून वाळताना पाहिला : थराच्या रेघा शेवटपर्यंत ओल्या राहतात, त्यावरून दिशा कळते. मग प्रत्येकावर कोळशाने वरची बाजू दाखवणारा बाण काढला. आतल्या बाजूला चुन्याचा गिलावा.

खांबांवर आधी क्षार काढण्याचे काम केले. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून थापायचा, वाळू द्यायचा आणि उचलायचा. पाणी क्षारांना सोबत घेऊन लगद्यात येते. पहिले थर उचलले तेव्हा ते पांढरे कडक झाले होते, पुढचे हळूहळू मऊ निघू लागले. उजव्या खांबाचा भदाड वाजणारा भाग बारीक छिद्रांतून चुन्याचे पातळ द्रावण भरून धरला. पडलेला पत्रा परत चिकटवावा असे माईंच्या मनात होते. मी नको म्हणालो. मागे तोच मातीचा लेप आहे आणि क्षार पूर्ण निघालेले नाहीत. तो पुन्हा पडेल आणि या वेळी तुकडे होतील. वेलबुट्टी नव्याने कोरून घेण्यालाही माझा विरोध होता, कारण त्यासाठी खांबाचे आणखी दोन बोटे अंग छिलावे लागले असते. खांब आहे तसा उभा आहे, पत्रा देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नवे चिरे कोरडे राहिले आणि मिंटच्या सांध्यांतला लोणा बराच कमी झाला. जिन्याखालची भिंत अजून ओलसर आहे, कारण तिथला पाट शेजारच्या घराशी सामाईक आहे. तो उघडून बांधायला दोन्ही घरांची संमती लागेल, बोलणी चालू आहेत.

छताच्या पटियांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो याच तपासात वर आला. त्या आडव्या आहेत, पण खालून आधार फक्त दोन टोकांना. त्यांना दाब नव्हे तर वाक सोसावा लागतो, आणि मातीची रेघ सुटली तर चार बोटे जाडीची पटिया दोन पातळ पटियांसारखी वागते. मिस्त्रींनी सगळ्या खालून ठोकून पाहिल्या. माजघरातल्या दोन पटिया भदाड वाजल्या. त्यांच्याखाली सागाची तुळई आणि टेकू दिले आहेत, आणि त्या बदलायच्या तेव्हा नव्या पटियेची कड विकत घेण्याआधी भिंगाखाली पाहायची असे ठरले आहे.